कासवांच्या मागे: थोडा इतिहास, एक कबुली

चेन्नईत नोकरीला गेलेल्या मराठी मुलाच्या वीकएन्डचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं. शनिवारी उशिरा उठायचं, पोळी मिळेल अशी खानावळ शोधत फिरायचं, ती न मिळाल्यावर मुकाट डोसा खायचा, आणि रविवारी घरी फोन करून "इथे फार उकडतंय" एवढं सांगायचं. २०२२ च्या पावसाळ्यात माझं प्रोजेक्ट तिकडे गेलं, त्यामुळे मीही गेलो. ऑफिस ओएमआरवर, म्हणजे ओल्ड महाबलीपुरम रोडवर. समुद्र तिथून जेमतेम तीन-चार किलोमीटर. पण चार महिन्यांत मी तो दोनदा पाहिला असेन, तोही रिक्षातून.

तर झालं असं, की २०२३ च्या जानेवारीत टीममधला एक तिरुनेलवेलीचा मुलगा म्हणाला, "आज रात्री चालायला येतोस का? कासवं दिसली तर दिसतील." शुक्रवार होता, रूमवर जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, म्हटलं चला. त्या एका "चला"मुळे पुढचे तीन हंगाम माझे बरेच वीकएन्ड वाळूत गेले. त्यातून मला जो इतिहास कळला, तो आज सांगतो. आणि शेवटी एक कबुलीही द्यायची आहे, ती बरीच उशिरा देतोय.

रात्री साडेअकराला नीलांकराईच्या किनाऱ्यावर जमायचं. तिथून उत्तरेला बेझंट नगरपर्यंत साधारण सात किलोमीटर वाळूतून चालायचं. समुद्र उजव्या हाताला. (आपल्या समुद्रात सूर्य मावळतो, यांच्या समुद्रातून उगवतो, याची सवय व्हायला मला वेळ लागला.) चालणाऱ्यांत कॉलेजची मुलं-मुली, आमच्यासारखे दोन-चार आयटीवाले, कधी एखादे निवृत्त काका. पुढे चालणारी कोऑर्डिनेटर ही विशीतली मुलगी, मला "अण्णा" म्हणणारी. पण नियम सांगायची ते हेडमास्तरांच्या आवाजात. टॉर्च बंद. मोबाईल खिशात. फोटो नाही. कासव दिसलं तर जागीच खाली बसायचं, आणि मी हात केल्याशिवाय कोणी पुढे यायचं नाही.

शोधायचं ते कासव नव्हे, त्याचा माग. ऑलिव्ह रिडलेची मादी ४० किलोच्या आसपास, पाठ दोन फुटांहून थोडी मोठी. ती वल्ह्यांसारखे पुढचे पाय आळीपाळीने टाकत वाळूवर येते, त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा माग उमटतो. माग समुद्रातून वर येतो, कुठेतरी वाळू विस्कटलेली असते, आणि दुसरा माग परत समुद्रात जातो. त्या विस्कटलेल्या वाळूत घरटं. एक जाणता माणूस काठी हळूच रोवत मऊ जागा शोधतो, मग हाताने उकरायचं. हात कोपरापर्यंत आत गेला की बोटांना पहिलं अंडं लागतं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पण मऊ कवचाचं आणि किंचित ओलसर. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. ती मोजून, घरट्यातल्या थोड्या वाळूसकट कापडी पिशवीत घालायची आणि बेझंट नगरच्या हॅचरीत तेवढ्याच खोल, तशाच सुरईच्या आकाराच्या खड्ड्यात पुरायची. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात.

जागेवरच का ठेवत नाहीत, हा प्रश्न मीही विचारला होता. कारणं दोन. एक म्हणजे कुत्री आणि माणसं. दुसरं म्हणजे उजेड. पिल्लू बाहेर आलं की सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावतं. लाखो वर्षं ते क्षितिज समुद्राचंच होतं. आता ते ईस्ट कोस्ट रोडचं आहे. पिल्लू इमानेइतबारे रस्त्याकडे चालत राहतं. जुना कोड तसाच, भोवतालचं एन्व्हायर्न्मेंट मात्र बदललेलं. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको.

आता इतिहास.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासमध्ये स्नेक पार्क उभं केलं. तिथे सापांच्या नादाने गोळा झालेली जी तरुण मंडळी होती, त्यांच्यापैकी काहींनी रात्री किनाऱ्यावर चालून कासवांची घरटी शोधायला सुरुवात केली. साल १९७३-७४ च्या आसपासचं. कोळीवाड्यांत कासवाची अंडी खाणं, विकणं ही रोजची गोष्ट होती. ऑलिव्ह रिडलेला तमिळमध्ये "पंगुनी आमै" म्हणतात. आमै म्हणजे कासव आणि पंगुनी म्हणजे साधारण आपल्या फाल्गुन-चैत्राच्या वेळचा महिना. आपण आंब्याला हंगामावरून ओळखतो, तसं त्यांनी कासवाला ओळखलं होतं. या मंडळींनी अंडी गोळा करून एका कुंपणात पुरायला सुरुवात केली. ही तिथली पहिली हॅचरी. पुढे काही वर्षं सरकारी संस्थांनी हे काम केलं. आणि १९८८ मध्ये विद्यार्थ्यांनी ते आपल्या हातात घेतलं, "स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्क" या नावाने. तेव्हापासून बॅचेस बदलत गेल्या, चालणं चालूच आहे. साडेतीन दशकांहून जास्त काळ एखादी गोष्ट विद्यार्थ्यांच्या भरवशावर चालते, हेच मला पहिल्यांदा ऐकल्यावर पटलं नव्हतं. आमच्याकडे दोन माणसं नोकरी सोडून गेली तर मॉड्यूल कोणाला कळत नाही.

या स्नेक पार्कच्या मंडळींत एक माणूस होता, सतीश भास्कर. जन्म १९४६, मूळचे केरळचे. आयआयटी मद्रासला इंजिनिअरिंगला आले आणि ते अर्धवट सोडलं. (हे वाक्य माझ्या आईने वाचू नये.) त्या काळात भारताच्या किनाऱ्यावर कुठे, कोणती कासवं, कधी येतात, याची माहितीच जवळजवळ नव्हती. भारतात पाच जातींची सागरी कासवं दिसतात, पण पाचांची मिळून एक नीट यादीसुद्धा नव्हती. भास्करनी ठरवलं की चालून बघू. १९७७ पासून १९९६ पर्यंत हा माणूस भारताच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर मिळून सुमारे ४,००० किलोमीटर चालला. गुजरात, लक्षद्वीप, अंदमान, निकोबार. आज आपण नकाशावर "इथे हॉक्सबिल, इथे लेदरबॅक" असे ठिपके बघतो, त्यातले कितीतरी ठिपके म्हणजे त्यांच्या पायांचे ठसे आहेत.

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९८२ ची. लक्षद्वीपमध्ये सुहेली नावाचं प्रवाळबेट आहे, त्यातल्या वलियकरा या निर्जन बेटावर हिरवी कासवं ऐन पावसाळ्यात अंडी घालतात. पावसाळ्यात तिथे बोट जात नाही. म्हणजे अभ्यास करायचा तर पावसाळ्याआधी उतरायचं आणि समुद्र शांत होईपर्यंत तिथेच राहायचं. भास्कर गेले. पाच महिने, एकटे. घरी बायको आणि तान्ही मुलगी. मोबाईल सोडा, पत्र पाठवायचीसुद्धा सोय नाही. तर ३ जुलै १९८२ ला त्यांनी बायकोला पत्र लिहिलं, बाटलीत घातलं, बूच लावलं आणि समुद्रात सोडून दिलं. २४ दिवसांनी ती बाटली श्रीलंकेतल्या एका मच्छीमाराला सापडली आणि त्या भल्या माणसाने पत्र पोस्टात टाकलं. ते पोचलं! पुढे परतीची बोट यायला उशीर झाला, शिधा संपला, दूध पावडर आणि नारळांवर दिवस काढावे लागले. पण नोंदी पूर्ण होत्या.

मला या गोष्टीत बाटलीपेक्षा "नोंदी पूर्ण होत्या" हे जास्त भारी वाटतं. पण ते नंतर. तेव्हा मी बाटलीवरच खूश होतो आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळ्यांना ती गोष्ट सांगत फिरत होतो.

२०२३ च्या मार्चमध्ये, माझ्या पहिल्याच हंगामात, भास्कर गेले. नंतरच्या काळात ते कुटुंबासह गोव्यात राहत होते. त्या शनिवारी चालायला सुरुवात करण्याआधी कोऑर्डिनेटरने त्यांच्याबद्दल चार वाक्यं सांगितली आणि मग म्हणाली, "टॉर्च बंद." त्या दोन शब्दांनी माझ्या पोटात कालवलं. का, ते सांगतोच. पण आधी ओडिशाचा भाग सांगितला पाहिजे, त्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहील.

ऑलिव्ह रिडलेची खरी मोठी घटना चेन्नईत घडत नाही, ओडिशात घडते. तिथे माद्या एकेकट्या येत नाहीत, हजारोंनी एकदम येतात, काही रात्रींत लाखांवर आकडा जातो. याला स्पॅनिशमध्ये "अरिबाडा" म्हणतात, म्हणजे आगमन. तिथल्या गहिरमाथा किनाऱ्यावरची ही घटना शास्त्रज्ञांच्या जगाला १९७४ मध्ये एच. आर. बस्टर्ड यांच्यामुळे कळली. आसपासच्या गावांना अर्थात ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. तोवर तिथे अंडी गोळा करायला चक्क सरकारी परवाने मिळत, आणि नावा भरभरून अंडी नेली जात. १९७५ मध्ये भितरकनिका अभयारण्य झालं, अंड्यांचा व्यापार थांबला. मग सुरू झाली मोठ्या कासवांचीच पकड. समुद्रातून पकडायची आणि ट्रक-रेल्वेने कलकत्त्याच्या बाजाराला पाठवायची.

इथे अजून एक नाव येतं, जे. विजया. तीही स्नेक पार्कला स्वयंसेवक म्हणून आलेली कॉलेजची मुलगी, जन्म १९५९. भारतातली पहिली स्त्री सरीसृपतज्ज्ञ म्हणून आज तिचं नाव घेतात. कासवांच्या व्यापाराची पाहणी करायला ती देशभर फिरली. दिघ्याच्या किनाऱ्यावर कासवांची जी कत्तल चालली होती, तिचे फोटो १९८२ मध्ये "इंडिया टुडे"त छापून आले. ते पंतप्रधान इंदिरा गांधींच्या पाहण्यात आले आणि त्यांनी तटरक्षक दलाला लक्ष घालायला सांगितलं. आजही हंगामात ओडिशाच्या समुद्रात तटरक्षक दलाची जहाजं गस्त घालतात, त्याची सुरुवात इथे आहे. त्याच वर्षी विजयाला केरळच्या जंगलात एक छोटं कासव सापडलं. केन टर्टल. साधारण सत्तर वर्षांत कुठल्याही शास्त्रज्ञाला ते दिसलं नव्हतं. १९८७ मध्ये ती वारली, वय अवघं २८. २००६ मध्ये त्या कासवाच्या प्रजातीला (जीनसला) तिचं नाव दिलं: विजयाकेलिस. मी हे लिहितोय तेव्हा माझंही वय २८ आहे. असो.

पुढे प्रश्न बदलला. कत्तल कमी झाली आणि ट्रॉलर वाढले. कासव हवेत श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ते पाण्यात राहणारं असूनही बुडून मरतं. यावर उपाय आहे: टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस. जाळ्यात बसवायची एक जाळीची चौकट. कोळंबी आत जाते, कासव चौकटीला अडून वरच्या झडपेतून निसटतं. यात थोडी मासळीही निसटते, म्हणून मच्छीमारांना ती नको असते. १९९० च्या दशकात अमेरिकेने हे यंत्र न वापरणाऱ्या देशांच्या कोळंबीवर बंदी घातली. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड या चौघांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. १९९८ च्या अंतिम निकालात म्हटलं होतं, की कासवं वाचवण्याचा हेतू योग्य, पण बंदी लावायची पद्धत भेदभावाची. म्हणजे कासवाचं भवितव्य ठरवायला वकील बसले होते, आणि त्यात भारत कासवाच्या बाजूने नव्हता. याला खलनायकी म्हणावं इतकं ते सोपं नाही. ज्याचं पोट त्या जाळ्यावर आहे, त्याला शुक्रवारी रात्री फिरायला येणाऱ्या माझ्यासारख्याने काय सांगायचं?

आणि प्रेमाने केलेलं सगळं बरोबरच असतं असंही नाही. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. हे कळण्याआधी जगात अनेक ठिकाणी भली माणसं अंडी उचलून थर्मोकोलच्या खोक्यांत उबवत होती. १९८० मध्ये म्रोसोव्स्की आणि यंटेमा या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की ही खोकी वाळूपेक्षा थोडी थंड राहतात, त्यामुळे मादी व्हायची ती पिल्लं नर होऊन बाहेर पडत असणार. वर्षानुवर्षं रात्री जागून, उन्हातान्हात राबून नरच जास्त तयार केलेले! हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आमची कोऑर्डिनेटर हॅचरीतल्या वाळूचं तापमान रोज का लिहून ठेवते, आणि उन्हं तापली की वर सावलीचं कापड का बांधते.

आता कबुली.

१८ फेब्रुवारी २०२३, शनिवारची रात्र. त्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो. म्हणजे सर्व्हर पडला तर फोन मला. खरं तर यायलाच नको होतं, पण "कुठे पडतोय" म्हणून आलो. कोट्टिवाक्कमच्या पुढे बुटात वाळू गेली म्हणून मागे थांबलो, बाकीचे पुढे गेले. फोन थरथरला. अलर्ट. मी सवयीने फोन काढला, स्क्रीन पूर्ण ब्राइट. दोन मिनिटं काहीतरी टाइप केलं आणि खाली पडलेला बूट सापडेना म्हणून मोबाईलचा टॉर्चही लावला. तो गोल उजेड वाळूवरून फिरला आणि पंधरा-वीस फुटांवर एका ओल्या, चकाकणाऱ्या पाठीवर पडला.

ती वर येत होती. महिनाभर मी जिच्यासाठी चालत होतो ती. घरटं खणायला सुरुवात झाली नव्हती. एकदा अंडी घालायला लागली की ती सहसा उठत नाही, पण त्याआधी जरा खुट्ट झालं तरी बिचकते. ती थांबली. मान उचलली. मग जड अंगाने सावकाश वळली आणि आली तशी परत गेली. मी टॉर्च बंद केला तोवर लाट तिच्यावरून गेली होती.

थोड्या वेळाने मागचे पाहायला आले. वाळूत उलट्या यू आकाराचा माग होता, मधे घरटं नाही. कोऑर्डिनेटरने मापं घेतली, वहीत लिहिलं: वेळ, जागा, मागाची रुंदी, "अंडी न घालता परतली." मग माझ्याकडे बघून विचारलं, "अण्णा, तुम्ही इथेच होतात ना? काही दिसलं?" मी म्हणालो, "नाही. मी बूट बघत होतो." तिने शेवटच्या रकान्यात लिहिलं: कारण माहीत नाही.

सर्व्हरचा अलर्ट, गंमत म्हणजे, खोटाच होता.

आता याचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. अशी परतलेली मादी बहुतेक वेळा त्याच रात्री किंवा पुढच्या रात्री दुसरीकडे वर येतेच. मी स्वतःलाही हेच सांगितलं. पण पुढची दोन वर्षं मी जे जमेल ते केलं, हॅचरीची पहाट-पाळी, शाळेच्या मुलांना माहिती सांगणं, पिशव्या धुणं, ते सगळं त्या रकान्याची परतफेड म्हणून, हे मला माहीत होतं.

मग २०२५ चा जानेवारी आला. त्या महिन्यात चेन्नई आणि आसपासच्या किनाऱ्यावर हजाराहून जास्त मेलेली कासवं वाहून आली. बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आम्ही चालायचो तेव्हा मागाच्या आधी वास यायचा. डोळे बाहेर आलेले, माना सुजलेल्या. जाळ्यात बुडून मेल्याची लक्षणं. तमिळनाडूत किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत ट्रॉलिंगला बंदी आहे, कायदा १९८३ चा. एप्रिल ते जून मासेमारी बंद असते, पण कासवांचा हंगाम त्याच्या आधीच सुरू होतो. त्या वीकएन्डला आमचं काम एकच: मोजणं. जागा लिहायची, नर की मादी ते लिहायचं, आणि पाठीवर रंगाची खूण करायची, म्हणजे दुसऱ्या रात्री तेच पुन्हा मोजलं जाऊ नये. एका माद्याच्या पोटात अंडी होती. सोबतचा एक नवा मुलगा म्हणाला, "मेलेली मोजून काय होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोऑर्डिनेटर म्हणाली, "नाही मोजली तर उद्या कोणीतरी म्हणेल, दहा-वीसच होती."

मार्चमध्ये माझं प्रोजेक्ट संपलं, मी पुण्याला परत आलो. येताच आई-बाबांना घेऊन वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या किल्ल्याजवळचं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. हरिहरेश्वरकडून गेलात तर बागमांडल्याला जेटी आहे, गाडी फेरीत चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची. २००२ मध्ये चिपळूणच्या "सह्याद्री निसर्ग मित्र"ची मंडळी भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत होती, तेव्हा त्यांना इथल्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी पळवली जात होती. त्यांनी गावातल्याच लोकांना सोबत घेतलं, किनाऱ्यावर कुंपणाची हॅचरी केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले आणि ज्या कासवाचं अंडं खाल्लं जायचं, त्याच्यावर गावाचे चार महिने चालू लागले. चेन्नईत जे विद्यार्थ्यांनी केलं ते इथे गावाने केलं. पद्धत वेगळी, वाळू तीच.

आम्ही जिथे उतरलो होतो त्या घरच्या आजी रात्री जेवायला वाढताना म्हणाल्या, "कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते म्हणतात हो. दूध नाही, चारा नाही, नुसती नजर." आपल्या संतांनी ही उपमा इतक्यांदा वापरली आहे की ती आपल्याला खरीच वाटते. मी म्हणालो, "आजी, खरी कासवी अंडी घालून जाते ती मागे वळूनही बघत नाही." आजी हसल्या. "मग नजर दुसऱ्या कोणाची तरी असंल. वाढतात ना?"

सकाळी सातला टोपली उचलली. पिल्लं समुद्राकडे गेली. हजारातलं एखादंच मोठं होतं, असं सर्वसाधारणपणे सांगतात. आई प्रत्येकाला "जा बाळा, जा" म्हणत होती.

पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, एक बातमी वाचली आणि मी खुर्चीतून उठलो. गुहागरच्या किनाऱ्यावर २७ जानेवारी २०२५ ला एक मादी अंडी घालून गेली होती. तिच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. शोध घेतला तर तो बिल्ला १८ मार्च २०२१ ला ओडिशात, गहिरमाथाच्या किनाऱ्यावर लावलेला निघाला. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असं आजवर धरून चालत होते. आणि ही बाई सुमारे ३,५०० किलोमीटरचा वळसा घालून कोकणात आली होती. तिने घातलेल्या १२० अंड्यांतून १०७ पिल्लं बाहेर पडली.

तारीख पुन्हा बघा. जानेवारी २०२५. ज्या महिन्यात आम्ही चेन्नईत मेलेल्यांच्या पाठीवर रंग लावत होतो, त्याच महिन्यात एक जिवंत मादी गुहागरला वाळू उपसत होती. आणि हे कळलं कशामुळे? ओडिशात एका रात्री कोणीतरी लाखो कासवांतल्या एकीच्या वल्ह्याला बिल्ला लावून आकडा नीट लिहून ठेवला, आणि चार वर्षांनी गुहागरला कोणीतरी अंधारात तो आकडा नीट वाचून कळवला म्हणून. यातल्या एकाने जरी "जाऊ दे, काय फरक पडतो" म्हटलं असतं, तरी गोष्ट तिथेच संपली असती. आम्ही दिवसभर लॉग वाचणारी माणसं. लॉगमध्ये एक खोटी ओळ असली तर बाकीच्या हजार ओळींवरचा विश्वास कसा उडतो, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्याच रात्री कोऑर्डिनेटरला फोन लावला. आता ती कोइमतूरला एम.एस्सी. करते. म्हटलं, दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली एक नोंद दुरुस्त करायची आहे. कोट्टिवाक्कमच्या पुढची, परतलेली मादी. टॉर्च माझा होता.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं, अण्णा. तुमचे बुटाचे ठसे वर्तुळात होते." मी विचारलं, मग तेव्हाच का लिहिलं नाहीस? "मी पाहिलं नव्हतं ना. न पाहिलेलं कसं लिहिणार?" मग तिने वही कोणाकडे आहे ते सांगितलं आणि तिथे स्वतः फोन करून सांगायला लावलं.

मी केला. आता त्या रकान्यात "कारण माहीत नाही" खोडून "उजेड, आमच्यातल्याच एकाचा" असं लिहिलेलं आहे. या वर्षीच्या जानेवारीत दोन दिवसांची रजा जोडून पुन्हा चेन्नईला जाऊन आलो. ऑन-कॉल नव्हतो, तरी फोन नीलांकराईला मित्राच्या गाडीतच ठेवला. सात किलोमीटर चाललो, एकही कासव दिसलं नाही. वहीत तसं लिहिलं: आज काही नाही.